तुळसासाठी आलेलं मशीन

श्रावणातल्या एका सोमवारी धुतलेल्या कपड्यांची बादली उचलताना तुळसाचा पाय विहिरीकडच्या शेवाळावरून सरकला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. ओरोसच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. सहा आठवडे हात गळ्यात, आणि प्लास्टर निघाल्यावरही कपडे आपटणं-पिळणं कायमचं बंद, असं त्यांनी बजावलं. तेव्हा तिचा नवरा दत्ताराम शेजारीच उभा होता. त्याने गंभीरपणे मान हलवली. बंद झालेलं ते काम आता कोण करणार, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही. त्याच्या बासष्ट वर्षांच्या आयुष्यात कपडे संध्याकाळी घडी होऊन फळीवर येत होते. ते तिथवर कसे येतात, याची चौकशी करण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

दोघांचं घर कसालच्या बाजारापासून चार किलोमीटर आत. पुढे खळं म्हणजे सारवलेलं अंगण, मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर, आणि वरच्या अंगाला काजूची पन्नासेक कलमं. एकुलती मुलगी उर्वशी म्हापशाला नर्स होती. हात मोडल्याचं कळल्यावर तिचा रोज फोन येऊ लागला.

"आये, कपडे कोण धुता?"

"विमला धुता." विमला ही शेजारीण, दत्तारामच्या चुलत भावाची बायको.

"आणि बाबा काय करतत?"

"बाबा बादली भरून देतत."

"रोज?"

"एकदा दिल्यानी," ती म्हणाली.

दहा दिवसांनी कुडाळहून एक टेम्पो आला आणि खळ्यात एक मोठं खोकं उतरलं. आतमध्ये उर्वशीने पाठवलेलं सात किलोचं, पुढून दार असलेलं, ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन होतं.

दत्तारामचं मशीनबद्दलचं मत आधी वाईट होतं. मशीनात कपडे फाटतात, आणि फाटले नाहीत तरी धुतले जात नाहीत, असं तो म्हणत असे. पण खोकं बघितल्यावर त्याच्यात फरक पडला. तो पस्तीस वर्षं एका सरकारी खात्यात भांडारपाल होता. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता, काचेच्या पेल्याचं चित्र होतं, लांबलचक क्रमांक होता. आत वॉरंटीचं कार्ड आणि जाड माहितीपुस्तिका होती. अशा खोक्यांमध्येच त्याचं आयुष्य गेलं होतं. भांडारात आलेली वस्तू बाहेर न जाणं म्हणजेच ती नीट सांभाळली जाणं, हे त्याचं तत्त्व. त्याच्या ताब्यातल्या बावीस ताडपत्र्या एकदाही न उघडता जीर्ण झाल्या होत्या, पण त्यातली एकही हरवली नव्हती, हे तो अजून अभिमानाने सांगायचा.

"बॉक्स उभाच राहू द्या," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. "आडवा करायचा नाही."

तुळसाने त्याच्याकडे वळून पाहिलं. दत्ताराम घरात शुद्ध बोलू लागला की कचेरी सुरू झाली, हे तिला माहीत होतं.

मशीन मागच्या पडवीत ठेवावं, तिथे नळ आहे, सांडपाण्याची वाट आहे, असं तिचं म्हणणं होतं. दत्तारामने ते फेटाळलं. पडवीत पावसाची झड येते, पत्र्याला गंज चढेल. मशीन पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मशीन जोडून द्यायला कुडाळहून रविराज आला. तिशीतला, कमी बोलणारा मेकॅनिक. त्याने खोलीभर नजर फिरवली.

"काका, पाणी खंय आसा?"

"पाणी न्हाणीघरात आहे. तुम्ही पाइप लांब करा."

रविराजने वीस फुटी पाइप खिडकीतून ओढून घेतला. मग मशीन पुढे ओढून त्याने मागचे चार लांब बोल्ट काढले आणि दत्तारामच्या हातात दिले. "वाटेत आतला ड्रम हलू नये म्हणून हे लावलेले असतात. आता काढायचेच. पण टाकू नका, मशीन कधी दुसरीकडे न्यायचं झालं तर लागतील." दत्तारामच्या शुद्ध बोलण्याला त्यानेही शुद्ध बोलूनच उत्तर दिलं. रिकामं मशीन पंधरा मिनिटं फिरवून दाखवलं, चहा घेतला आणि तो गेला.

गणपती तोंडावर होते. घरात पाहुणे, पोरंटोरं येणार. कोणीतरी बटणं दाबील, दार ओढील. चतुर्थी पार पडेपर्यंत मशीन सुरू करायचं नाही, असं दत्तारामने ठरवलं. आणि सुरू करायचं नाही तर ते प्रवासातल्यासारखंच सुरक्षित असायला हवं, म्हणून त्याच दुपारी पाना घेऊन त्याने चारही बोल्ट पुन्हा जागच्या जागी आवळले. वरून जुन्या चादरीचं कव्हर घातलं.

गणपतीत आलेल्या प्रत्येकाने मशीन पाहिलं, म्हणजे चादर पाहिली. "उर्वशीन आवशीक पाठवल्यान," असं दत्ताराम सांगायचा. त्याच वेळी मागच्या बाजूला विमला पाहुण्यांच्या पंच्यांसकट सगळ्यांचे कपडे फातरावर, धुण्याच्या दगडावर, आपटत असायची.

विसर्जनानंतरच्या रविवारी मशीन सुरू करायचा दिवस ठरला. दत्तारामने चादर काढली आणि मशीनात काय घालायचं नाही ते आधी सांगितलं. शेतातले चिखलाचे कपडे नाहीत. काजूच्या बोंडवांचे डाग पडलेले नाहीत. माशांचा वास असलेले नाहीत. पायपुसणी, फडकी, गोधड्या नाहीत.

"मग ऱ्हवला काय?" विमलाने विचारलं.

"स्वच्छ कपडे," दत्ताराम म्हणाला.

विमलाला वाटलं तो गंमत करतोय. पण तो पुढे बोलतच राहिला. पहिल्यांदाच वापरायचं मशीन, त्यात मळ जाऊ नये. कपडे आधी फातरावर नेहमीसारखे धुवावेत, मग मशीनात घालावेत. विमलाने तुळसाकडे पाहिलं. तुळसाने गळ्यातल्या झोळीत हात नीट ठेवला आणि डोळ्यांनीच तिला 'धू' म्हणून सांगितलं.

तेव्हा दोन धोतरं, चार शर्ट आणि एक टॉवेल विमलाने फातरावर धुतले, पिळले, आणि ते धुतलेले कपडे मशीनात गेले. अर्धा तास सगळं बरं चाललं. आत पाणी आलं, कपडे वर जाऊन खाली पडत होते, आणि दत्ताराम काचेसमोर खुर्ची टाकून बसला होता. मग कपडे पिळायची वेळ आली आणि मशीन थरथरलं. ते भिंतीवर आपटलं, मग भिंत सोडून पुढे आलं. टीव्हीच्या टेबलाला धक्का देऊन ते दाराच्या दिशेने निघालं. मागचा पाइप निसटला आणि खोलीभर पाणी झालं. दत्ताराम उठून मशीनला मिठी मारून उभा राहिला. तोही मशीनबरोबर थरथरत होता.

"बंद करा गो कोणीतरी," तो म्हणाला. एवढं बोलतानाही त्याचे दात एकमेकांवर आपटत होते.

तुळसा पाण्यातून चालत भिंतीपाशी गेली आणि डाव्या हाताने बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी रविराज आला. मशीन वळवून त्याने मागे पाहिलं.

"काका, हे बोल्ट परत कोणी लावले?"

दत्तारामने वाकून पाहिलं. "अरे वा, सापडले का," तो म्हणाला.

रविराजने तुळसाकडे पाहिलं. तुळसा शांतपणे म्हणाली, "मशीनानच लावन घेतल्यान आसतले. नवीन आसा, तेका घाबराक होता."

रविराजने मान खाली घालून बोल्ट काढले. नशिबाने आत काही मोडलं नव्हतं. मग मात्र तो मालवणीवर आला. मशीन पडवीतच ठेवायला हवं, असं त्याने सांगितलं. झड येत असेल तर वर पत्रा वाढवा. खाली सपाट लादी पाहिजे, चारही पाय टेकले पाहिजेत.

"आणि मशीनात मळके कपडे घालूचे, काका. धुतलेले कित्याक घालतास?"

"मळ आत राहिला तर?"

"मळ पाण्यावांगडा भायर जाता. तेच्यासाठीच पाइप आसा. मशीन वापरून बिघडणा नाय. ठेवून ठेवून बिघडता, रबर कडक होता, आत वास येता."

वापरून बिघडत नाही, ठेवून बिघडतं. पस्तीस वर्षांत दत्तारामला असं कोणी सांगितलं नव्हतं. तो खुर्चीवर बसला.

रविराज आता बाकीचं सांगायला तुळसाकडे वळला. कपडे किती, पावडर किती, कोणतं बटण कशाचं. तुळसाने त्याला मध्येच थांबवलं आणि प्लास्टरचा हात वर केला.

"माका नको सांगा. माझ्या हातान कायतरी मोडतला. ह्यांका सांगा."

ती हे मनापासून म्हणाली की नाही, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मशीन खोलीभर चाललं तेव्हापासून तिला त्याची जरा भीती वाटत होती, हे खरं. पण खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याचा चेहराही तिने पाहिला होता. मशीनचा ताबा दुसऱ्याकडे जातोय म्हटल्यावर तो चेहरा एकदम सावध झाला होता.

"बरोबर आहे," दत्ताराम म्हणाला. "एका माणसाच्या हातात राहिलेलं चांगलं."

मशीन पडवीत गेलं, आणि तेव्हापासून त्या घरातले कपडे दत्ताराम धुऊ लागला.

तो 'कपडे धुतो' असं कधी म्हणाला नाही. 'मशीन चालवतो' असं म्हणायचा. माहितीपुस्तिका मराठीत नव्हती, म्हणून त्याने हिंदी भाग पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचला. पावडर बेताने वापरावी हे वाक्य त्याला तत्काळ पटलं. रोज काम झालं की दाराचं रबर कोरड्या फडक्याने पुसायचा, विशेषतः खालची घडी, जिथे पाणी आणि केस साचतात. दार किलकिलं ठेवायचा. पावडरीचा खण काढून धुवायचा. तिकडच्या पाण्यात पावसाळ्यात तांबडी माती येते, त्यामुळे पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी दर पंधरवड्याला काढून जुन्या दातांच्या ब्रशने घासायचा. महिन्यातून एकदा ड्रम रिकामा ठेवून गरम पाण्यावर फिरवायचा. व्होल्टेज कमी असेल तर तो मशीन लावत नसे, आणि मग बसून स्टॅबिलायझरचा काटा बघत राही.

खिसे तपासणं हे तर त्याचं आवडतं काम झालं. त्याच्या स्वतःच्या खिशातून पहिल्याच आठवड्यात एक पेन, दोन सुपाऱ्या आणि चष्म्याचा स्क्रू निघाला.

"ह्या सगळा आदी कोण काढी?" त्याने विचारलं.

"आदी खिशात काय नसायचा," तुळसा म्हणाली. पेन तिनेच शोधून पुन्हा त्याच्या शर्टाला लावलेलं असायचं, हे तिने सांगितलं नाही.

दिवाळीपर्यंत तिचा हात बरा झाला. प्लास्टर निघालं, बोटं चालू लागली. एका सकाळी तिने मशीनात कपडे भरायला घेतले.

"हात लावू नको," दत्ताराम पडवीच्या दारातून म्हणाला.

"हात बरो झालो माझो."

"तुझो झालो गो. पण तू त्या दार जोरान लावतस. तेचा कुलूप नाजूक आसा."

तुळसाने कपडे खाली ठेवले आणि ती बाजूला झाली. तिने वाद घातला नाही, याचं विमलाला नवल वाटलं. पण विहिरीवर जाणं बंद झाल्यापासून तुळसाच्या सकाळी मोकळ्या झाल्या होत्या, आणि या वयात मोकळी सकाळ म्हणजे काय हे तिला नुकतंच कळलं होतं. विहिरीकडच्या तुकड्यात तिने लाल माठ, मुळा आणि वाल लावले. विमलाला घेऊन ती बाजाराच्या दिवशी कसालला जाऊन भाजीच्या जुड्या विकू लागली. तिथे दोघी हॉटेलात बसून चहा आणि भजी खायच्या आणि बारा वाजता घरी परतायच्या. तोवर दांडीवर कपडे वाळत पडलेले असायचे. शर्ट खांद्यापाशी चिमटे लावून, सगळे एका ओळीत.

मार्गशीर्षात दत्तारामच्या लक्षात एक गोष्ट आली. मशीनच्या तळाशी असलेला सांडपाण्याचा फिल्टर साफ करताना त्यात कायम धाग्यांचा पुंजका निघायचा, आणि ते धागे नेहमी निळे किंवा मोरपंखी असायचे. त्याच्या कपड्यांत तो रंगच नव्हता. त्याने शोध घ्यायचं ठरवलं. तुळसा बाजारात गेली होती. दांडीवर वाळत असलेला एकेक कपडा त्याने उलटसुलट करून पाहिला.

मोजदाद ही त्याची जुनी सवय. त्याने आधी स्वतःचे शर्ट मोजले. कपाटातले धरून अकरा. मग तुळसाच्या साड्या मोजल्या. रोजच्या नेसायच्या चार. दोन साड्यांचे काठ विरले होते, त्यांचेच धागे फिल्टरात येत होते. पोलकी चार. एकाच्या बगलेत ठिगळ होतं. दुसऱ्याच्याही होतं. तिसऱ्याच्या ठिगळावर आणखी एक ठिगळ होतं, इतकं बारीक टाके घालून लावलेलं की बाहेरून कळू नये. ही पोलकी ती रोज त्याच्यासमोर घालून वावरत होती. त्याने ती कधी पाहिली नव्हती. भांडारात एखाद्या कर्मचाऱ्याने इतकी जुनी वस्तू वापरात ठेवली असती तर नवीन घेण्यासाठी अर्ज करायला त्यानेच सांगितलं असतं. तुळसाने अर्ज केला नव्हता.

त्याने पोलकी सरळ करून पुन्हा दांडीवर घातली. नंतर आत जाऊन फिल्टर जागेवर बसवला.

दुसऱ्या दिवशी काही कारण न सांगता तो एसटीने कुडाळला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटा साडीच्या दुकानात शिरला. दुकानातल्या मुलीने, आकांक्षाने, कोणासाठी, किती वयाच्या, कोणता रंग असं विचारलं. त्याने उलट विचारलं, "धागे सुटतत काय?" तो दीड तास तिथे बसून होता. ही आकांक्षा विमलाची भाची निघाली आणि ही बातमी तो घरी पोचायच्या आधी फोनवरून पोचली. एकोणीस साड्या त्याने उघडायला लावल्या होत्या.

घरी येऊन त्याने पिशवी तुळसासमोर ठेवली. आत दोन सुती साड्या होत्या, एक डाळिंबी, एक हिरवी, आणि चार पोलक्यांचं कापड.

"तुझ्या जुन्या लुगड्यांचे धागे फिल्टरात अडाकतत," तो म्हणाला. "मशीनाक त्रास होता."

तुळसाने डाळिंबी साडीच्या पदरावरून हात फिरवला. रंग तिच्या आवडीचा होता. तो नवऱ्याला माहीत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मशीनाक डाळिंबी बरो दिसलो काय?" तिने विचारलं.

"दुकानदारान दिल्यान ता घेतलंय."

"बरा केलास," ती म्हणाली. "मशीनाक बरा वाटात."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने ती डाळिंबी साडी नेसली. बायकांनी चौकशी केली. तुळसाने "मशीनासाठी घेतलेली आसा" असं उत्तर दिलं आणि विमला तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

त्याच आठवड्यात ओरोसला निवृत्त कर्मचाऱ्यांचा मेळावा होता. ज्येष्ठ म्हणून दत्तारामचा सत्कार व्हायचा होता, शाल आणि नारळ. त्यासाठी त्याने आपले तीन पांढरे शर्ट मशीनात घातले. ड्रम अर्धा रिकामा दिसला. अर्धा रिकामा ड्रम म्हणजे पाण्याची आणि विजेची नासाडी, म्हणून त्याने नवी डाळिंबी साडीही त्यात घातली.

बाहेर निघालेले शर्ट गुलाबी होते. थोडे नव्हे, कण्हेरीच्या फुलासारखे, अगदी एकसारखे गुलाबी. दत्तारामने ते झटकून पाहिले, उजेडात धरून पाहिले. मग पुस्तिका उघडली. 'रंगीन कपड़े अलग धोएँ' या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती, आणि ती त्यानेच मारलेली होती. त्याने पुस्तिका मिटली आणि तिन्ही शर्ट दांडीवर घातले. नेहमीसारखे, एका ओळीत.

तुळसाने संध्याकाळी ते पाहिले. सकाळी दत्तारामने त्यातला एक इस्त्री करून घातला. कपाटातले बाकीचे शर्ट चट्ट्यापट्ट्यांचे होते आणि सत्काराला पट्टे बरे दिसत नाहीत, असं त्याचं मत होतं.

"कसो दिसता?" त्याने विचारलं.

"तरणे दिसतास," तुळसा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मेळाव्यात त्याचा जुना सहकारी भाई शेजारच्या खुर्चीवर होता. तो शर्टाकडे बघत राहिला. "दत्ताराम, रंग बदललस?"

"मशीनात धुतलो," दत्ताराम म्हणाला. "मीच धुतलंय." मग भाईने आणखी काही विचारायच्या आत त्याने फिल्टर, रबर आणि पाण्याच्या जाळीबद्दल बोलायला सुरुवात केली. मागच्या ओळीतल्या दोन बायका पुढे झुकून ऐकू लागल्या. सत्कार झाल्यावर त्यांनी त्याला गाठलं आणि पावडर नेमकी किती घालायची ते विचारून घेतलं. त्यातली एक भाईची बायको होती. तिने सगळं ऐकून घेऊन भाईकडे जे पाहिलं, त्यानंतर भाई जेवताना दत्तारामच्या पंगतीला बसला नाही.

इकडे सकाळी त्याची एसटी गेल्याचा आवाज आल्यावर तुळसाने उरलेले दोन गुलाबी शर्ट दांडीवरून काढले. चार महिने ती भाजी निवडत, तांदूळ पाखडत पडवीत बसली होती आणि सगळं बघत होती. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी करून तिने शर्ट तासभर भिजत ठेवले, मग मशीनात घातले. दार अलगद लावलं. पाणी किती गरम ते ठरवणारं गोल बटण नवरा कायम चाळिसावर ठेवतो, हे तिला माहीत होतं. तिने ते साठावर नेलं आणि मशीन सुरू केलं. विमला दारात येऊन उभी राहिली.

"तुका येता गो?" तिने विचारलं.

"येतला नाय तर काय," तुळसा म्हणाली. "पाच बटणा आसत."

शर्ट जवळजवळ पांढरे निघाले. एकाच्या कॉलरला कुठेतरी गुलाबी छटा राहिली, ती शोधल्याशिवाय दिसत नव्हती. तिने ते दांडीवर घातले, रबराची खालची घडी पुसली, खण धुतला, दार किलकिलं ठेवलं आणि माठाला पाणी घालायला गेली.

दत्ताराम चार वाजता शाल आणि नारळ घेऊन आला. पडवीत आला तसा थबकला. दांडीवर पांढरे शर्ट होते. तो त्यांच्या पुढे मागे फिरला.

"उन्हान रंग उडालो," तो म्हणाला.

"उडालो आसतलो," तुळसा म्हणाली.

त्याला ते पटलं. "नवीन कपड्याचो रंग असोच आसता," त्याने सांगितलं. "दुसऱ्याक लागलो तरी टिकणा नाय. एक ऊन देवचा." भाईला हे कळवायला हवं असं म्हणून त्याने लगेच फोनही लावला, पण भाईने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी लावायच्या होत्या. तुळसा चूल सारवून पडवीत आली तेव्हा दत्ताराम मशीनसमोर उभा होता. चादरी अजून खालीच होत्या. तो गोल बटणाकडे बघत होता. बटण साठावर होतं.

विहिरीवर कोणीतरी पंप सुरू केला आणि पाइपमधून पाणी आल्याचा आवाज झाला. दत्तारामने बटण हळूच चाळिसावर आणलं, चादरी आत भरल्या, आणि पावडरीचा डबा हातात घेतला. मग त्याने तो डबा तिच्यापुढे धरला.

"तू घालतस?" त्याने विचारलं. "रोजच लावलंस तरी चलात. तुझ्यासाठीच पाठवल्यान ना उर्वशीन."

तुळसाने डब्याकडे पाहिलं. बाजाराचा दिवस होता, माठाच्या जुड्या बांधून तयार होत्या, आणि विमला खळ्यात टोपली घेऊन येऊन थांबली होती.

"नको," ती म्हणाली. "माझ्या हातान चुकला तर तुमकाच ताप. तुमी करतास ता बरा करतास."

ती टोपली उचलून गेली. दत्तारामने पावडर बेताने मोजली, खण बंद केला आणि खुर्ची ओढून काचेसमोर बसला.